देवापुढं ठेवलेली काच

सुकेर्तीच्या तोंडून निघालेलं खोटं अगदी एका अक्षराचं होतं. "हो," एवढंच.

सकाळची वेळ होती. सुकेर्ती ओट्यावर बसून कोवळ्या माडाच्या झावळीच्या द्रोणात फुलं मांडत होती. तिच्या नेमातलं ते पहिलं काम. घरातल्या देवघराला, चुलीला, दाराला, मग किनाऱ्यावरच्या दगडाला, अशी रोज फुलं जायची आणि ती गेल्याशिवाय सुकेर्ती कॉफीचा घोटही घेत नसे. लेक दार्मिनी दारात उभी राहून केस घट्ट बांधत होती. पाहुण्यांना घेऊन समुद्रात उतरायचा तिचा आज पहिला दिवस.

"मेमे," तिनं विचारलं. आईला ती तशीच हाक मारायची, गावातली सगळीच लेकरं मारतात तशी. "मास्क घासून ठेवलास ना? आतल्या बाजूनं?"

"हो," सुकेर्ती म्हणाली, आणि हातातलं जास्वंदीचं फूल उगाच दोनदा सरळ केलं.

पाण्याखाली बघण्यासाठी डोळ्यांवर चढवायचा तो मास्क नवा कोरा होता. काळं रबर, कडेला निळी रेघ, समोर रुंद काच. सुकेर्तीनंच तो शहरात जाऊन आणला होता. दुकानातल्या पोराला तिनं इतके प्रश्न विचारले, की शेवटी त्यानं तो स्वतःच्या तोंडावर लावून दाखवला. दार्मिनीनं पाहिला तेव्हा ती लहान मुलीसारखी आरशासमोर गेली होती. मग तिला शेजारच्या आमेद गावी जावं लागलं, वाटाड्याच्या शिकवणीचे शेवटचे दिवस होते. जाताना तिनं आईला नीट समजावलं होतं.

"हे बघ, नव्या काचेवर कारखान्यातून एक पापुद्रा येतो. डोळ्याला दिसत नाही, पण असतो. तो निघाला नाही तर पाण्याखाली काचेला वाफ धरते, मग कितीही थुंका नि कितीही धुवा. पांढरी टूथपेस्ट घे, बोटानं आतून चांगली रगड, वाळू दे, धू. पुन्हा रगड. पाण्याचे थेंब काचेवर उभे राहायचे थांबले आणि पाणी सपाट पसरलं, की समज निघाला."

"एवढं काय सांगतेस? इतकी वर्षं ह्याच किनाऱ्यावर टाक्या वाहतेय मी."

ते खरंच होतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हवेची जड टाकी आडवी, आणि पायाखाली काळे गुळगुळीत गोटे. सुकेर्तीसारख्या बायकांनी टाक्या पाण्याच्या कडेपर्यंत पोचवायच्या, मग पाहुणे खाली जाऊन बुडालेलं जहाज बघणार. नव्या मास्कला वाफ धरते हे तिला लेकीनं सांगायची गरज नव्हती. पाहुण्यांच्या शिव्या ऐकून ऐकूनच ती ते शिकली होती.

आणि तरीही तिनं मास्क घासला नव्हता.

झालं असं, की मधेच लोखंडाच्या पूजेचा शनिवार आला. त्या दिवशी घरोघरी सुऱ्या, कोयते, स्कूटर, सगळं धुऊन पुसून देवापुढं मांडतात. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये तर टाक्या आणि कॉम्प्रेसरला वस्त्रं नेसवतात. मास्कमध्ये लोखंडाचा कणही नव्हता, पण सुकेर्तीनं तो ताटात ठेवला. समुद्रदेवळाच्या पुजाऱ्यांनी, सगळे त्यांना ज्रो मांकू म्हणत, सगळ्यांवर तीर्थ शिंपडलं. काही थेंब मास्कच्या काचेवर पडले आणि अळवाच्या पानावर पडावेत तसे टपोरे उभे राहिले. हलवले की पळायचे. सुकेर्तीला ते फार सुंदर वाटले. मोत्यांसारखे.

घरी आल्यावर तिनं मास्क देवघरात वरच्या फळीवर ठेवला. मोरीच्या दगडावर टूथपेस्टची नळी पडली होती, नवऱ्यानं नेहमीप्रमाणं मधोमध दाबलेली. सुकेर्तीनं ती उचलली. मग हाताकडं बघितलं आणि परत ठेवली. तोंडात घालायची वस्तू, उष्ट्याखरकट्याची, ती देवापुढून आलेल्या काचेला लावायची? तीर्थ पडलंय त्याच्यावर. तीर्थानं जे होणार नाही ते टूथपेस्टनं होणार आहे का? असं ती मनाशी म्हणाली, आणि मन लगेच "खरंय" म्हणालं. इतक्या चटकन कबूल होणाऱ्या मनाचा खरं म्हणजे तेव्हाच संशय यायला हवा होता.

"आणि हे बघ," आता ती लेकीला म्हणाली, "आज त्यात थुंकू नकोस. देवापुढचा आहे."

दार्मिनी हसली. "मग काय करू, मंत्र म्हणू? अगं, सगळे थुंकतात. पाहुणेसुद्धा थुंकतात. पाण्यात उतरण्याआधी काचेला थुंकी लावायची, बोटानं फिरवायची, विसळायची. त्याशिवाय कुणी उतरत नाही."

"समुद्राच्या पाण्यानं विसळ. आजच्या दिवस माझं ऐक."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दार्मिनीचे बापा पाय लांब करून बसले होते. त्यांचा डावा पाय त्यांच्या मर्जीनं हलत नसे. तरुणपणी रंगीत मासे पकडायला ते कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून खोल जात, आणि एकदा खोलातून घाईनं वर आले, तेव्हाच तो पाय गेला. "आमच्या वेळी काय मास्क होते?" ते म्हणाले. "लाकूड कोरायचं, खिडकीची काच बसवायची. वाफ धरली तर मासाच आम्हाला बघून हसायचा."

"आणि म्हणून तुम्ही पकडायच्या आधी तो मरायचा," लेक म्हणाली. तिनं मास्क कपाळाला लावून देवघराकडं पाहून नमस्कार केला. "बरं बाई, नाही थुंकत. तू घासलायस म्हणजे चालेल."

सुकेर्तीला तेव्हा बोलता आलं असतं. वाक्य जिभेवरही आलं होतं. तिनं फुलांवर पाणी शिंपडलं आणि उठली.

किनाऱ्यावर बायका चुंबळी गुंडाळत बसल्या होत्या. रेन्तीनं तिला लांबूनच पाहिलं. रेन्ती म्हणजे अख्ख्या किनाऱ्याचं तोंड. सुकेर्तीला ती मोठ्या बहिणीसारखं 'म्बोक' म्हणायची, पण सोडायची नाही.

"बाजूला व्हा गं, राणीसाहेबांच्या आईसाहेब आल्या! आजपासून टाकी वाहायची की पालखीत बसायचं, म्बोक?"

"टाकीच वाहते. लेकीची."

"बघा, बघा. म्हणजे ओझं आपल्याच घरात राहिलं!"

बायका खळखळून हसल्या. शेडच्या खांबावर खिळ्यांना करवंटीच्या चकत्या टांगलेल्या होत्या, प्रत्येक वाटाड्याची एक, त्यावर नाव कोरलेलं. चकती खिळ्यावर आहे म्हणजे त्या माणसाकडं पाहुणे सोपवता येतात. आजवर त्या खांबावर एकाही मुलीचं नाव लागलं नव्हतं. आज लागलं होतं. गटाचा प्रमुख सुतेजा, मोजकं बोलणारा माणूस, वाटाडे त्याला 'ब्ली' म्हणजे थोरला दादा म्हणत, त्यानं ते सकाळीच आपल्या हातानं टांगलं होतं.

पाहुणे म्हणजे एक वयस्क जोडपं होतं, कुठल्याशा थंड देशातलं. बाईंची कातडी उन्हानं लाल झालेली, आणि डोळ्यांत थोडी भीती. दार्मिनी त्यांच्याशी हळू बोलत होती, हातानं खुणा समजावत होती. सुकेर्तीनं पाण्याच्या कडेच्या दगडावर फुलांचा द्रोण ठेवला, उदबत्ती लावली, डोळे मिटले. पाहुण्या बाईंनी विचारलं हे काय, तेव्हा दार्मिनी म्हणाली, "माझी आई. आपण सुखरूप वर यावं म्हणून."

मग दार्मिनीनं मास्क समुद्रात विसळला, चेहऱ्यावर चढवला, आणि तिघं पायात रबरी पंख घालून उलट्या पावलांनी पाण्यात गेली. काही वेळ बुडबुडे दिसत होते. मग तेही लाटांत मिसळले.

सुकेर्ती दुसऱ्या कुणाच्या टाक्या वाहायला गेली नाही. ती दगडाशीच उभी राहिली.

आरडाओरडा आला तो उजवीकडून, जहाजापासून फार लांबून. पाण्यावर एक डोकं दिसत होतं, एक हात हलत होता. पाहुण्या बाई एकट्याच वर आल्या होत्या. मासेमारीची होडी जवळच होती, होडीवाल्यानं त्यांना ओढून घेतलं. किनाऱ्यावर आणलं तेव्हा त्यांच्या नाकातून रक्त येत होतं आणि त्या थरथरत होत्या. सुतेजानं त्यांना गोट्यांवर आडवं केलं, तोंडाला प्राणवायूची नळी लावली, डॉक्टरांच्या गाडीला फोन केला.

थोड्या वेळानं दार्मिनी वर आली. पाहुण्याचा हात तिनं सोडला नव्हता. किनाऱ्यावरचा घोळका पाहून तो गृहस्थ बायकोकडं धावला, ठेचकाळत. दार्मिनी गुडघाभर पाण्यात तशीच उभी. मास्क हातात.

डॉक्टर आले, बाईंचे कान बघितले, छाती तपासली. जीवाला धोका नाही, म्हणाले, पण आणखी खोलावरून अशा वर आल्या असत्या तर काही खरं नव्हतं. सुकेर्तीनं ते ऐकलं आणि तिच्या डोळ्यांसमोर ओट्यावरचा तो लांब केलेला पाय आला.

गाडी गेल्यावर सुतेजानं दार्मिनीला विचारलं. आवाज चढवला नाही.

"काय झालं?"

"वाफ धरली, ब्ली." दार्मिनीचे ओठ निळे पडले होते. "आत पाणी घेऊन धुतली, नाकानं बाहेर काढलं. लगेच पुन्हा धरली. पुन्हा धुतली. दोघांना घेऊन वर निघायचं म्हणून खूण केली, बाईंच्या नवऱ्याला दिसली. बाईंना दिसली की नाही, मला कळलं नाही. मला त्याच दिसत नव्हत्या."

सुतेजानं मास्क घेतला, काच उन्हाकडं केली. ओंजळीतलं पाणी त्यावर सोडलं. थेंब उभे राहिले. टपोरे, अळवावरच्यासारखे.

"हा घासलेलाच नाही," तो म्हणाला. "दुकानातून आला तसाच आहे. कुणाकडं होता हा?"

दार्मिनीनं आईकडं पाहिलं. फार वेळ नाही, पापणी लवेपर्यंत. तेवढ्यात तिला सगळं कळलं आणि ते कळलेलं सुकेर्तीला दिसलं.

"माझ्याकडं," दार्मिनी म्हणाली. "राहिला घासायचा. माझी चूक."

सुतेजा खांबाशी गेला, चकती काढली आणि खिशात घातली.

सुकेर्तीनं तोंड उघडलं. तेवढ्यात रेन्तीनं तिचा दंड धरला. "रडू नकोस गं म्बोक. तुझ्या फुलांनी वाचवलं त्या बाईला. नाहीतर एवढ्यातून कोण वाचतं? आईचं पुण्य लेकीच्या कामी आलं बघ." दुसरी म्हणाली, "एवढी सोवळ्याची बाई, आणि पोरगी बघ कशी निष्काळजी. आजकालच्या पोरी." सुकेर्तीनं मान खाली घातली, आणि सगळ्यांना वाटलं ती लेकीपायी घातली.

संध्याकाळी तर कहर झाला. पाहुण्या बाई नवऱ्याचा हात धरून स्वतः घरी आल्या. नाकाला कापूस, चेहरा पांढरा. दार्मिनी मागच्या अंगणात होती. बाईंनी सुकेर्तीचे दोन्ही हात हातात घेतले, आपल्या भाषेत बरंच काही बोलल्या, आणि दगडावरच्या फुलांची आठवण करून देत हात जोडले. त्यांच्याकडं कुणी कधी कुणापुढं हात जोडत नसावं, ते वेडेवाकडे जोडले गेले. सुकेर्तीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं त्यांना तांदळाची गोड वडी दिली, कारण दुसरं काय द्यायचं ते सुचेना.

रात्रीचं जेवण कुणालाच गेलं नाही. मासळीचं कालवण तसंच राहिलं. बापा लवकर आत गेले. दार्मिनी भात चिवडत होती.

"का नाही सांगितलंस?" अखेर सुकेर्तीनंच विचारलं.

"काय सांगू? माझी आई खोटं बोलली? सगळ्या किनाऱ्यासमोर?"

सुकेर्तीनं कालवणावर झाकण ठेवलं.

"मला एकच सांग, मेमे. विसरलीस का?"

लेक तिला वाट करून देत होती. विसरले म्हटलं असतं तर त्या रात्रीपुरतं तरी दोघींना झोप लागली असती. पण दिवसाला एक खोटं पुष्कळ झालं होतं.

"नाही विसरले. देवापुढचा होता म्हणून... टूथपेस्ट लावायला हात होईना."

"मग तसं सांगायचंस." दार्मिनीचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मी माझा जुना घातला असता. हा नवा देवघरातच ठेवला असतास तू, रोज फुलं वाहिली असतीस. माझी काही हरकत नव्हती गं."

ती उठली, ताट धुतलं आणि झोपायला गेली. सुकेर्ती चुलीपुढं बसून राहिली. इतकं सोपं होतं ते. एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य आपण का बोललो नाही, याचं उत्तर शोधायला ती गेली, आणि अर्ध्या वाटेवरून घाबरून परत आली.

सकाळी तिनं फुलं वाहिली खरी, पण हात नुसते फिरत होते. मग ती समुद्रदेवळाकडं गेली. ज्रो मांकू अंगणात उकिडवे बसून आपल्या झुंजीच्या कोंबड्याचे पाय चोळत होते.

"ये. फुलं इतकी? आज कुठला सण आहे?"

"ज्रो मांकू, मला प्रायश्चित्त सांगा."

तिनं सगळं सांगितलं. हळू, नेहमीसारखं, जमिनीकडं बघत. कोंबडा अधूनमधून मान वाकडी करून तिच्याकडं बघत होता. पुजारी ऐकता ऐकता चोळायचे थांबले.

"टूथपेस्टनं देव बाटतो होय?" ते म्हणाले. "ती देवळातली घंटा बघितलीस का, कशी लखलखतेय? काय लावलं असेल सांग."

"चिंच?"

"चिंच कुठली! टूथपेस्ट. पितळेला त्याच्यासारखं काही नाही. आणि थुंकीचं म्हणशील तर मीही तरुणपणी उतरत होतो पाण्यात. देवाची क्षमा मागायचो आणि मास्कमध्ये थुंकायचो. समुद्र कधी रागावला नाही." ते जरा हसले, मग हसायचे थांबले. "पण तू मला का नाही विचारलंस? शनिवारी मी समोरच होतो. तीर्थ मीच शिंपडलं. 'ज्रो मांकू, हे घासू का?' एवढं विचारायचं होतं. मी म्हटलं असतं, घास."

सुकेर्तीनं वर बघितलं.

काल चुलीपुढून ती जिथून परत आली होती, तिथंच त्यांनी तिला नेऊन उभं केलं. तुम्ही 'घास' म्हटलं असतंत म्हणूनच विचारलं नाही. घासला असता तर काच स्वच्छ झाली असती, आणि काच स्वच्छ झाली असती तर पोरगी खोल गेली असती. रोज गेली असती. सुकेर्तीला काच धूसर हवी होती. कुणाला काही व्हावं असं तिच्या मनात नव्हतं, ते देवाशपथ नव्हतं. थोडी वाफ धरावी, पोरीनं वैतागून वर यावं, सुतेजानं म्हणावं हिला जमत नाही. मग ती शेडमध्ये बसून पाहुण्यांना पंख आणि कपडे देईल, आणि तिचे दोन्ही पाय तिच्या मर्जीनं चालतील. एवढंच. आणि हे सगळं तिनं देवाच्या वस्त्राखाली झाकून ठेवलं होतं. स्वतःपासूनसुद्धा.

"मला ती खाली जायला नको होती," ती म्हणाली.

"हं," पुजारी म्हणाले.

"माझ्या हातून काही करवून घ्या. उपास सांगा. वर्षभर करीन."

"उपास तुला सोपा आहे, सुकेर्ती. तू तसाही करतेस." त्यांनी कोंबडा काखेत घेतला आणि उठले. "सुतेजा आता शेडमध्ये असेल. मला ह्याला आंघोळ घालायचीय."

शेडमध्ये सगळे होते. टाक्या भरत होत्या, कॉम्प्रेसर घरघरत होता, बायका पायरीवर बसून भाताच्या पुड्या सोडत होत्या. दार्मिनी मागच्या हौदात पाहुण्यांचे रबरी कपडे विसळत होती. वाटाड्याचं काम गेलं तरी हे काम होतंच. सुकेर्ती मधोमध उभी राहिली. हातात चुंबळ होती, ती पिळत होती.

"मास्क मी घासला नव्हता," ती म्हणाली.

कुणालाच ऐकू गेलं नाही.

"काय म्हणालात, म्बोक?" सुतेजा कानाला हात लावून म्हणाला. "मोठ्यानं बोला जरा." त्यानं हात करून कॉम्प्रेसर बंद करायला लावला. घरघर थांबली. आता सगळेच तिच्याकडं बघत होते.

आयुष्यभर तिच्या हळू बोलण्याचं गावानं कौतुक केलं होतं. आता तेच वाक्य तिला दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

"मास्क मी घासला नव्हता! दार्मिनीनं मला सांगितलं होतं. मी तिला खोटं सांगितलं, घासला म्हणून. थुंकू नको, हेही मीच सांगितलं. देवाचं नाव पुढं केलं. पण ते देवासाठी नव्हतं." तिचा आवाज चिरकला. "मला वाटत होतं, तिला जमू नये. तिच्या बापासारखं होऊ नये तिचं. काल ती बाई मेली असती तर मी मारली असती."

हौदावरचा पाण्याचा आवाज थांबला होता.

भाताची पुडी हातात धरून रेन्ती तिच्याकडं बघत राहिली. "अगं बाई," ती म्हणाली, आणि नेहमीसारखं हसू तिच्या तोंडावर आलं नाही. "आणि मी पोरं आजारी पडली की तुझ्याकडून फुलं नेते."

ते मस्करीत बोललेलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.  

सुतेजानं खिशातून चकती काढली. अंगठ्यानं तिच्यावरचं नाव पुसल्यासारखं केलं.

"हे सांगितलंत ते बरं केलंत, म्बोक. पण तिची चूक त्यानं जात नाही. तोंडावर कोण घालणार होतं? जो घालतो त्यानं बघायचं. आईनं घासला, आजीनं घासला, देवानं घासला, तरी थेंब टाकून बघायचं." तो मागं वळला. "ऐकतेयस ना गं?"

"ऐकतेय, ब्ली," हौदाकडून आवाज आला.

"आज दुपारी मी पाहुणा. घाबरट पाहुणा. हरवणारा. मला शोधून वर आणलंस तर चकती खिळ्यावर जाईल. नाही आणलंस तर कपडे विसळ." आणि त्यानं कॉम्प्रेसर चालू करायला सांगितलं. त्याच्या मते बोलणं संपलं होतं.

दार्मिनी हात पुसत आली. डोळे लाल होते.  तिनं पिशवीतून मास्क काढला, आणि टूथपेस्टची नळी काढली, मधोमध दाबलेली, घरातलीच.

"जुना आहे ना तुझा," सुकेर्ती म्हणाली.

"आहे. पण मी हा घालणार. घास."

सुकेर्ती पाण्याच्या कडेला, त्याच फुलांच्या दगडापाशी बसली आणि घासू लागली. बोटानं, गोल गोल, कडेपर्यंत, रबराच्या खाचेपर्यंत. वाळू दिलं. धुतलं. थेंब उभे राहिले. पुन्हा पेस्ट लावली. ऊन डोक्यावर आलं. बायका टाक्या घेऊन तिच्या मागून जात-येत होत्या, आणि कुणी तिच्याशी बोललं नाही, रेन्तीही नाही. घासता घासता तिचं बोट पांढरं पडलं, चुरचुरू लागलं. दार्मिनी शेजारी बसून समुद्राकडं बघत होती.

कितव्यांदा तरी पाणी ओतलं आणि ते उभं राहिलं नाही. काचेवर सपाट पसरलं, आणि काच जणू तिथं नव्हतीच.

दार्मिनीनं वाकून पाहिलं, स्वतः थेंब टाकला, मास्क तिरका करून पाहिला. "निघाला," ती म्हणाली. "आता थुंक."

"मी?"

"मी थुंकायचं नाही म्हणालीस ना. मग तू थुंक."

सुकेर्तीनं मास्क हातात घेतला. समोर समुद्र, देवाचा. पाठीमागं आगुंग डोंगर, तोही देवाचा. पुढ्यात सकाळची फुलं. ती बसल्या जागी जराशी वळली, मग पुन्हा वळली. ह्या किनाऱ्यावर थुंकायला देव नाही अशी दिशाच नव्हती.

"कुठं तोंड करू गं?"

"मास्कमध्ये, मेमे," दार्मिनी म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला.

पण थुंकीच येईना. तोंडाला कोरड पडली होती. दार्मिनीनं पाण्याची बाटली पुढं केली. सुकेर्तीनं एक घोट घेतला, डोळे मिटले, मनातल्या मनात क्षमा मागितली. कुणाची, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. आणि थुंकली. दार्मिनीनं बोटानं ती काचेवर फिरवली, मास्क समुद्रात बुडवून विसळला आणि चढवला.

आता काचेआडून तिचे डोळे दिसत होते. अगदी स्वच्छ, एकेक पापणी मोजावी असे. ते सुकेर्तीकडं बघत होते. सुकेर्तीनं मान खाली घातली.

"मेमे, सुतेजा थांबलाय. टाकी आण माझी."

ती शेडकडं गेली. चुंबळ डोक्यावर बसवली, दोघी बायकांनी मिळून तिच्या डोक्यावर टाकी चढवली. त्यातली एक रेन्ती होती, तिनं टाकी नीट मधोमध ठेवली. मग सुकेर्ती गोट्यांवरून निघाली. दोन्ही बाजूंना माणसं बसली होती, सगळी ओळखीची, आणि सगळी बघत होती. तिला फार वाटत होतं पायांकडं बघत चालावं. पण डोक्यावर टाकी असली की मान खाली घालता येत नाही.